नेपल्समध्ये पिझ्झा: आधी मारिनारा मागवा

ओवी_स्टुटगार्ट

नेपल्सला जाणारी आपली माणसं पॉम्पेई, कापरी, व्हेसुव्हियस सगळं नीट आखून जातात आणि पिझ्झ्याचं मात्र "तिथे गेल्यावर बघू" म्हणून सोडून देतात. मग ऐन भुकेच्या वेळी स्टेशनसमोर नाहीतर बंदराजवळ, जिथे पदार्थांच्या फोटोंचं मेन्यूकार्ड दारात उभं केलेलं असतं, तिथे बसतात. खाऊन झालं की "एवढं काय त्यात" म्हणत निघतात. ओळखीतल्या इतक्या जणांकडून हे ऐकलंय की शेवटी धागा काढायचं ठरवलं. त्या शहरात काय खायचं, कसं खायचं आणि ते तसं का असतं, हे जाण्याआधी माहीत असलं तर फार फरक पडतो.

आम्ही तिघं गेलो होतो. नवरा, मी आणि सासूबाई. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. मुक्काम जुन्या शहरात, व्हिया देइ त्रिबुनाली या रस्त्याच्या जवळ होता. हा रस्ता ग्रीकांनी आखलेल्या मूळ शहराचा मुख्य आडवा रस्ता. आज तो इतका अरुंद वाटतो की स्कूटर आली की भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. सोर्बिल्लो आणि दि मात्तेओ ही दोन प्रसिद्ध दुकानं याच रस्त्यावर आहेत. १९९४ साली जी-७ परिषदेसाठी आलेले बिल क्लिंटन दि मात्तेओत पिझ्झा खाऊन गेले होते, ते तिथले लोक अजून सांगतात. दा मिकेले थोडं पुढे, चेझारे सेर्साले नावाच्या गल्लीत आहे. ते घराणं १८७० पासून या धंद्यात आहे. स्तारिता मातेरदेई भागात चढावर आहे, १९०१ पासूनचं.

आता मुद्द्याचं. कुठल्याही चांगल्या पिझ्झेरियात बसलात की पहिला पिझ्झा मारिनारा मागवा. टोमॅटो, लसूण, ऑरेगानो, ऑलिव्ह तेल. बस. चीज नाही. (आणि मासेही नाहीत. नाव वाचून शाकाहारी मंडळी उगाच दचकतात.) हा मार्गेरिटापेक्षा जुना प्रकार. याच्यात पीठ, भट्टी आणि हात यांना लपायला जागाच नसते. पीठ नीट आंबलेलं नसेल तर पहिल्या घासाला कळतं. टोमॅटो साधा असेल तरी कळतं. आम्ही दा मिकेलेत मारिनारा घेतला तेव्हा तो ताटाच्या काठाबाहेर लोंबत होता. वरचा लसूण अर्धवट शिजलेला, तिखट. टोमॅटोची गोडी आधी आली आणि आंबटपणा मागून. काठ दाबला की खाली जायचा आणि सोडला की परत वर यायचा. सासूबाईंनी काठापासून सुरुवात केली आणि मधल्या भागाकडे गेल्याच नाहीत बराच वेळ.

मार्गेरिटा दुसरा. तोही मागवाच, पण नंतर.

काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. पिझ्झा माणशी एक असतो, मध्ये ठेवून वाटून घ्यायची रीत नाही. कापून देत नाहीत, सुरी-काटा देतात. चिली फ्लेक्स आणि ऑरेगानोच्या पुड्या नसतात. टेबलावर बसण्याचे माणशी थोडे पैसे बिलात वेगळे लावतात बऱ्याच ठिकाणी, ती फसवणूक नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोर आला की लगेच खायचा. फोटो काढत बसू नका. भट्टीत तो फक्त ६० ते ९० सेकंद असतो, आणि बाहेर आल्यावर त्याचं आयुष्य जेमतेम दहा मिनिटांचं.

शंका असतील तर विचारा, आणि जाऊन आलेल्यांनी भर घाला.

कोल्हापुरी_ठसका

धागा चांगला आहे, पण मी दुसरी बाजू मांडतो. गेल्या वर्षी टूरबरोबर गेलो होतो. पिझ्झा मधोमध ओला, उचलला की टोक खाली पडायचं आणि सगळं चीज ताटात. कडेला काळे डाग. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना तो कच्चा वाटला आणि उरलेल्यांना करपलेला. आईला तर तो खाववेना. एवढं नाव असलेल्या शहरात असं का व्हावं, याचं खरंच वाईट वाटलं. हीच त्याची खासियत असेल तर ती मला कळलेली नाही. कुणी समजावून सांगेल का?

पीठमळणारा

मी सांगायचा प्रयत्न करतो. पुण्यात घरी भट्टी बांधून गेली काही वर्षं हाच उद्योग चाललाय, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

नेपल्सच्या पिझ्झ्याचे नियम लिहिलेले आहेत. १९८४ साली तिथल्या जुन्या पिझ्झा करणाऱ्यांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि खरा नेपल्सचा पिझ्झा कशाला म्हणायचं ते ठरवलं. २०१० मध्ये युरोपियन युनियनने पारंपरिक पदार्थ म्हणून त्याला नोंदणी दिली, त्यातही माप आणि कृती दिलेली आहे. व्यास जास्तीत जास्त ३५ सेंटीमीटर. मधली जाडी साधारण ४ मिलिमीटर. काठ १ ते २ सेंटीमीटर उंच. भट्टीची जमीन ४८५ अंश सेल्सियसच्या आसपास. आणि पिझ्झा मऊ, लवचिक, चार घड्या घालता येईल असा हवा, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे टोक खाली पडणं हा दोष नाही. तो कुरकुरीत असणंच अपेक्षित नाही.

ओलेपणाचं कारण सोपं आहे. टोमॅटो शिजवून सॉस केलेला नसतो, सोललेले टोमॅटो हाताने कुस्करून मीठ घालून तसेच पसरतात. चीज ताजं, पाण्यातलं. आणि भट्टीत वेळ दीड मिनिट. एवढ्या वेळात पाणी उडून जायला सवडच मिळत नाही. आपल्याकडचा पिझ्झा दहा-बारा मिनिटं भाजतात आणि वर कोरडं, किसलेलं चीज असतं, त्यामुळे तो सुका लागतो. आपली जीभ त्याला सरावलेली आहे.

पण तुमचं म्हणणंही मी झटकून टाकणार नाही. ओलावा आणि तळं यात फरक आहे. चांगला पिझ्झा करणारा मोझ्झारेला बराच आधी कापून निथळत ठेवतो. गर्दीच्या ठिकाणी ते केलं नाही की ताटात पांढरं पाणी साचतं, आणि ते चुकीचंच. काळ्या डागांचंही तेच. काठावर फुगलेल्या पातळ पापुद्र्यांवर ठिपके पडतात, ते पीठ सावकाश आंबल्याचं लक्षण. पण नियमातसुद्धा डाग थोडेच असावेत असं म्हटलंय. पिझ्झा उलटून तळ बघा. तळ सलग काळा असेल तर तो करपलेलाच. तुम्हाला बहुधा वाईट पिझ्झा मिळाला. नेपल्समध्ये वाईट पिझ्झा मिळत नाही असं अजिबात नाही.

कोल्हापुरी_ठसका

धन्यवाद. तळ काळाच होता, हे पक्कं आठवतंय. आणि ताटात पाणीही होतं. म्हणजे आमच्या टूरवाल्यांनी जिथे नेलं ते ठिकाणच तसं असणार. पुढच्या वेळी स्वतः शोधून जाईन.

तुळसवृंदावन

मला रेनेटबद्दल, म्हणजे चीज करताना दूध गोठवायला घालतात त्या द्रव्याबद्दल, विचारायचं आहे. आम्ही वैष्णव, घरात कांदा-लसूण चालतो पण वासराच्या जठरातला रेनेट घातलेलं चीज चालत नाही. ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन इटलीला जाणार आहोत. मार्गेरिटा "व्हेज" आहे असं सगळे सांगतात. ते खरं धरायचं का?

ओवी_स्टुटगार्ट

नाही धरायचं. हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण इथे बऱ्याच जणांची गफलत होते.

म्हशीच्या दुधाचं जे संरक्षित नावाचं मोझ्झारेला आहे, मोझ्झारेला दि बुफाला काम्पाना, त्याच्या अधिकृत कृतीतच वासराचा रेनेट आहे. पार्मेझानमध्ये वासराचाच, पेकोरिनो रोमानोमध्ये कोकराचा. आणि पुष्कळ ठिकाणी मार्गेरिटावर मोझ्झारेलाबरोबर यांपैकी एखादं किसून टाकतात, जे मेन्यूत लिहिलेलं नसतं. गाईच्या दुधाचं फिओर दि लात्ते असतं त्यात कुठला रेनेट आहे ते उत्पादकावर अवलंबून, आणि वेटरला ते ठाऊक असेलच असं नाही.

सासूबाईंनी म्हणूनच तिथे फक्त मारिनारा खाल्ला, रोज, आणि त्यांना कमी पडल्यासारखं वाटलं नाही. पिठात मैदा, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच. दूध नाही, अंडं नाही, चरबी नाही. भट्टी मात्र सगळ्यांची एकच, त्याच जमिनीवर हॅमचे पिझ्झेही भाजतात. ते तुम्हाला चालतंय का, हे आधी घरात बोलून ठेवा. लसूण नको असेल तर "सेंत्सा आल्यो" म्हणायचं, चीज नको तर "सेंत्सा फोर्माज्जो". हे दोन शब्दप्रयोग आई-बाबांनाही शिकवून ठेवा. लोक प्रेमाने ऐकतात, तोंड वाकडं करत नाहीत.

तुळसवृंदावन

इतक्या स्पष्ट उत्तराबद्दल मनापासून आभार. ट्रॅव्हल एजंटने दोनदा "सगळं व्हेज आहे" म्हणून सांगितलं होतं. आता मारिनाराच.

निशिगंध

म्हशीचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. माझं शिक्षण पशुवैद्यकातलं. काम्पानिया प्रांतात, मुख्यतः कासेर्ता आणि सालेर्नो जिल्ह्यांत ज्या म्हशी पाळतात, त्या आपल्या मुऱ्हा, जाफराबादी, पंढरपुरी यांच्याच कुळातल्या, नदीम्हैस म्हणतात त्या प्रकारच्या. आणि नदीम्हैस मुळात माणसाळवली गेली ती आपल्या उपखंडात. तिच्या दुधात स्निग्धांश गाईच्या जवळपास दुप्पट असतो, म्हणून ते मोझ्झारेला इतकं मलईदार लागतं आणि कापलं की दूध गळतं. सोलापूर-कोल्हापूरकडच्या माणसाला त्या चवीची ओळख आधीपासून असते, फक्त ती चीजच्या रूपात भेटलेली नसते.

आपल्याकडे हिरव्या ठिपक्याचं चीज मिळतं त्यात प्राण्याचा रेनेट नसतो, बहुधा सूक्ष्मजीवांपासूनचा असतो. म्हशीचं दूध इथे भरपूर आहे. तेव्हा तुळसवृंदावन यांच्या घरच्यांना शाकाहारी बुफाला मोझ्झारेला खायचं असेल तर ते नेपल्सपेक्षा इथे मिळणं सोपं. पिझ्झ्यावर घालायचं तर मात्र पीठमळणारा म्हणतात तसं निथळून घ्या. गाईच्या मोझ्झारेलापेक्षा हे जास्त पाणी सोडतं. नेपल्समधलेही बरेच जुने लोक पिझ्झ्यावर म्हशीचं न घालता फिओर दि लात्तेच वापरतात, ते याच कारणाने.

इतिहासवेडा

ओवी, तुम्ही मारिनारा जुना म्हटलंत ते बरोबर. पण मार्गेरिटाबद्दल जे सगळीकडे सांगितलं जातं त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गोष्ट सगळ्यांना माहीत असते. जून १८८९ मध्ये राजा उंबेर्तो आणि राणी मार्गेरिटा नेपल्सला आले, राफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झेवाल्याने राणीसाठी तीन प्रकारचे पिझ्झे केले, तिला टोमॅटो-मोझ्झारेला-तुळशीचा आवडला, इटलीच्या झेंड्याचे तीन रंग वगैरे. ब्रांदी या पिझ्झेरियात राजवाड्याकडून आलेलं ११ जून १८८९ तारखेचं आभाराचं पत्र लावलेलं आहे आणि बाहेर शंभर वर्षं झाल्याची १९८९ ची शिळा.

त्या पत्राबद्दल इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. शिक्का आणि हस्ताक्षर राजवाड्याच्या इतर कागदांशी जुळत नाही. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर छापलेल्या नेपल्सच्या रीतिरिवाजांच्या वर्णनातच मोझ्झारेला आणि तुळशीच्या पानांचा पिझ्झा येतो. म्हणजे राणीच्या आधी तो शहरात खाल्ला जात होता.

मला ही राणीची गोष्ट खटकते ती वेगळ्या कारणाने. तिच्यामुळे खरी गोष्ट झाकली जाते. पिझ्झा हे नेपल्सच्या सगळ्यात गरीब माणसांचं अन्न होतं. फ्रेंच लेखक अलेक्झांडर द्युमा १८३५ साली तिथे होता. त्याने लिहून ठेवलंय की बंदरावरचे हातावर पोट असणारे लोक हिवाळ्यात पिझ्झ्यावर जगतात आणि उन्हाळ्यात कलिंगडावर. पोरं डोक्यावर पत्र्याचा गोल डबा घेऊन गल्लोगल्ली फिरायची, गिऱ्हाईकाच्या खिशात असतील तेवढ्या पैशांचा तुकडा कापून द्यायची. घरात चूल नाही, बसायला जागा नाही, काम सोडून जेवायला वेळ नाही, अशा माणसाला उभ्या उभ्या पोट भरता यावं म्हणून तो मऊ आहे, घडी घालता येतो, आणि झटकन भाजला जातो. १८८४ च्या पटकीच्या साथीत हजारो माणसं ज्या वस्त्यांत मेली, त्याच वस्त्यांचं हे जेवण. आज जगभर मिरवतं त्या पदार्थाचं श्रेय त्या लोकांचं आहे आणि त्यांची नावं कुठल्याच शिळेवर नाहीत. राणीला श्रेय द्यायला माझं मन तयार होत नाही.

दर्यावर्दी

इतिहासवेडा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. फार छान.

मी मर्चंट नेव्हीत होतो, मूळचा रत्नागिरीचा. नेपल्स बंदरात जहाज लागलं की आम्ही तिथून चालत जुन्या शहरात जायचो. अंतर फार नाही. माझी भर तळलेल्या पिझ्झ्याबद्दल. ओवीताईंनी त्याचा उल्लेख केला नाही म्हणून लिहितो.

दुसऱ्या महायुद्धात नेपल्सवर प्रचंड बॉम्बफेक झाली. भट्ट्या पडल्या, लाकूड नाही, चीज-टोमॅटो परवडेना. तेव्हा गल्लीतल्या एका खोलीच्या घरांतून बायका दारातच कढई मांडून पिझ्झा तळायला लागल्या. तळलं की थोडं पीठ फुगून मोठं दिसतं आणि आत घातलेल्या चिमूटभर सारणावर भागतं. पैसे नसतील तर आज खा आणि आठ दिवसांनी दे. ही उधारीची पद्धत त्या शहरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. ज्यांच्या स्वतःच्या घरात काही नव्हतं त्या बायकांनी गल्लीला उधारीवर जेवू घातलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आजही स्पॅनिश क्वार्टर्स म्हणतात त्या चढाच्या गल्ल्यांमध्ये तो गरम मिळतो. आत रिकोटा, धुरवलेलं प्रोव्होला चीज, मिरी आणि डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात, त्यांना चिकोली म्हणतात. न खाणाऱ्यांनी आधी सांगावं लागतं. खिशात थोडे पैसे असले तर दुकानाच्या बाहेरच्या काचेच्या पेटीतला छोटा पिझ्झा घ्यावा. चार घड्या घालून कागदात देतात आणि चालत चालत खायचा. इतिहासवेडा म्हणतात ती जुनी रीत अशीच टिकून आहे. टेबलावर बसून खाण्यापेक्षा मला तोच आवडायचा.

मावशी_नाशिककर

सगळे प्रतिसाद वाचले. ओवी, तुझ्या सासूबाईंच्या जागी मी स्वतःला बघत होते. आपला फुलका निखाऱ्यावर फुगला की थेट ताटात वाढतो, डब्यात गेला की त्याची मजा जाते, तसंच हे दिसतंय.

मला विचारायचंय की आमच्यासारख्या सत्तरीच्या माणसांना एक अख्खा पिझ्झा जातो का? आणि रांगेत तासभर उभं राहवत नाही, त्याला काही उपाय? यांचे गुडघे दुखतात.

ओवी_स्टुटगार्ट

मावशी, जातो. आकाराने मोठा दिसतो, पण पिठाचा गोळा २००-२५० ग्रॅमचा आणि वर थोडंसं. सासूबाईंची आदल्या रात्री पोट जड होईल म्हणून काळजी चालली होती, पण एकदाही त्रास झाला नाही. नाही संपला तर तसाच सोडून द्या, कुणी काही म्हणत नाही. दोघांत एक मागवलात तरी चालेल, मात्र मग बसण्याचे पैसे दोघांचे पडतील.

रांगेचं म्हणाल तर दा मिकेलेत दारात नंबरची चिठ्ठी घ्यायची आणि पुकारेपर्यंत वाट बघायची असते. रेल्वे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. दुपारचं जेवण सकाळी अकरा-साडेअकराला उरकायची तयारी असेल तर फार थांबावं लागत नाही. संध्याकाळी बहुतेक ठिकाणं सातच्या सुमाराला उघडतात, तेव्हा दारातच असावं. नेपल्सची माणसं आठ-साडेआठनंतर जेवतात, त्याआधी तुमचं झालेलं असेल. आणि नावाजलेल्या दुकानांसाठीच अडून बसू नका. सानिता, मातेरदेई या भागांत साधी पिझ्झेरिया बघा, जिथे लाकडाची भट्टी आहे आणि स्थानिक कुटुंबं बसलेली आहेत. तिथे खुर्ची लगेच मिळते.

अनुस्वार

मुंबई-पुण्यात आता बऱ्याच ठिकाणी "अस्सल नेपोलिटन" अशी पाटी दिसते. मी एका ठिकाणी गेले, लाकडाची भट्टी होती, काठावर डागही होते, पण पिझ्झा आठ तुकडे करून, वर भरपूर चीज घालून आला आणि माणशी बिल नेपल्सच्या दुप्पट-तिप्पट. नेपल्समध्ये मार्गेरिटा पाच-सहा युरोत मिळतो ना? मग अस्सल म्हणायचं तरी कशाला? सगळं सामान इटलीहून आणलं म्हणजे अस्सल का?

पीठमळणारा

माझं स्पष्ट मत आहे की सामान दुसरं, हात पहिले. युनेस्कोने २०१७ साली दक्षिण कोरियातल्या जेजूच्या बैठकीत नेपल्सच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं तेव्हाही मान पिझ्झ्याला मिळाला नाही, तो पिझ्झा करणाऱ्याच्या कलेला मिळाला. शहरात असे सुमारे तीन हजार कारागीर आहेत असं त्या नोंदीत म्हटलंय. कला म्हणजे पीठ मळणं, गोळे करणं, हाताने पसरणं आणि भट्टीत फिरवणं.

लाटणं चालत नाही. लाटलं की आंबताना धरलेली सगळी हवा निघून जाते. बोटांनी मधून बाहेर दाबत नेलं की ती हवा काठात जमते आणि भट्टीत काठ फुगतो. तुम्ही कुठेही जा, आधी त्या माणसाच्या हाताकडे बघा. लाटणं किंवा दाबयंत्र दिसलं तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ते अस्सल नाही.

ज्यांना घरी करायचंय त्यांच्यासाठी युरोपियन नोंदीतलं प्रमाण देतो: १ लिटर पाण्याला साधारण १.७ ते १.८ किलो पीठ, ५० ते ५५ ग्रॅम मीठ आणि फक्त ३ ग्रॅम ताजं यीस्ट. साखर नाही, तेल नाही. मळून दोन तास ठेवायचं, मग १८० ते २५० ग्रॅमचे गोळे करून आणखी चार ते सहा तास, तेही २५ अंशांच्या खोलीत. पुण्यातल्या एप्रिलमध्ये स्वयंपाकघर पस्तिशीच्या पुढे असतं, तिथे हे वेळापत्रक लागू पडत नाही. मी यीस्ट आणखी कमी करतो आणि गोळे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. आपला नेहमीचा मैदा इतका वेळ ताण धरत नाही, गोळे सैल पडून पसरतात. जास्त ग्लुटेनचा ब्रेडसाठीचा मैदा शोधा. तो इटलीचाच हवा असं नाही.

घरच्या ओव्हनमध्ये, जो २५० अंशांवर थांबतो, हे पीठ भाजायला सात-आठ मिनिटं लागतात आणि तेवढ्यात ते वाळून कडक होतं. तिथे पाणी वाढवा, थोडं तेल घाला आणि त्याला नेपल्सचा म्हणू नका. तोही चवीला चांगला होतो, पण तो वेगळा प्रकार आहे. ४५० च्या वर जाणारी छोटी गॅसभट्टी मिळते, तिच्यात मात्र दीड मिनिटात खरा जमतो.

ओवी_स्टुटगार्ट

हातांबद्दल शंभर टक्के सहमत. सामानाबद्दल मात्र मी थोडी वेगळी आहे, पीठमळणारा. सान मार्झानो टोमॅटो व्हेसुव्हियसजवळच्या सार्नो खोऱ्यात पिकतो. तो तिथे खाल्ल्यावर मला डब्यातला कुठलाही टोमॅटो तसा वाटलेला नाही. मारिनारात तर वर दुसरं काही नसतंच. पीठ आणि भट्टी पुण्यात उभी करता येईल, पण टोमॅटोची ती चव इथे कशी आणणार?

पीठमळणारा

आणायची गरजच नाही, असं मला वाटतं. नेपल्सच्या माणसाने त्याच्या दारातला टोमॅटो घेतला, कारण तो ताजा आणि स्वस्त होता. नारायणगाव-जुन्नरकडे हिवाळ्यात टोमॅटो उत्तम मिळतो. पूर्ण पिकलेला, लांबट, कमी बियांचा निवडून घ्या, गरम पाण्यातून काढून सोला, हाताने कुस्करा. डिसेंबर-जानेवारीत मी डबा उघडतच नाही. बाकीचे महिने उघडतो, तेवढं तुमचं खरं.

इतिहासवेडा

इथे मी पीठमळणारा यांच्या बाजूने. टोमॅटो स्वतःच अमेरिकेतून आलेला. २०२३ मध्ये पॉम्पेईत भिंतीवरचं एक चित्र सापडलं, ताटात गोल पाव आणि वर फळं. तेव्हा जगभर "दोन हजार वर्षांपूर्वीचा पिझ्झा" म्हणून बातम्या झाल्या. उत्खनन करणाऱ्यांनीच सांगितलं की त्यात टोमॅटो असणं शक्यच नव्हतं. जे जवळ होतं ते पावावर घातलं, एवढंच ते. नारायणगावचा टोमॅटो त्या रीतीत अगदी बसतो.

तुळसवृंदावन

ओवी, एक शेवटचं. आमचा नेपल्सचा मुक्काम शनिवार-रविवार आणि तोही ऑगस्टच्या मध्यात येतोय. काही अडचण?

ओवी_स्टुटगार्ट

हो, आहे. १५ ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तोची सुट्टी असते आणि त्या आठवड्यात पुष्कळ छोटी दुकानं बंद करून लोक समुद्राकडे जातात. रविवारीही काही जुन्या पिझ्झेरिया बंद असतात. जमलं तर मुक्काम सोमवार-मंगळवारवर ढकला, किंवा महिन्याच्या शेवटी न्या. नाहीच जमलं तर शनिवारी दुपारी पोहोचल्या पोहोचल्या आधी पिझ्झा खाऊन घ्या आणि पॉम्पेई रविवारी ठेवा. तारखा कळवा, मी त्या दिवसांत उघडी असलेली दोन-तीन ठिकाणं बघून इथेच लिहिते.